छर्‍याची जुनी बंदूक

नांदेडहून निघालेला रस्ता वारंगा फाट्यावर दुभंगतो. एक वाट कळमनुरीवरून हिंगोलीस जाते, दुसरी हदगांव, उमरखेड करीत यवतमाळ-नागपूरकडे वळते. कळमनुरी तालुक्यांतील हें ठिकाण १ मे १९९९ रोजीं हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यांत मोडत असे. हिंगोलीचा दसरा, औंढा नागनाथची महाशिवरात्र आणि नांदेडपलीकडील माळेगांवची मार्गशीर्षांतील खंडोबाची जत्रा, या परिसराच्या मोठ्या पर्वण्या होत. पाळणे, मिठाईचीं दुकानें आणि बांगड्यांचे ढीग यांच्या ओळींत रंगीत फुग्यांचा एक फळा हमखास असतो, आणि त्याच्यासमोर छर्‍याची बंदूक घेऊन एक माणूस उभा असतो. तो फळा, फुग्यांचीं पुडकीं, छर्‍यांचा डबा आणि ती बंदूक, एवढेंच त्याचें भांडवल. जत्रेच्या ऐन गर्दींत बंदूक बंद पडली, म्हणजे घरची चूल थंडावली. म्हणून या साध्या यंत्राची निगा कशी राखावी, हा विषय वाटतो तितका केवळ हौशीचा नाहीं.

या बंदुकींत हवा आधींच भरून ठेवलेली असते, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नव्हे. नळी खालीं मोडली, म्हणजे आंतील पोलादी स्प्रिंग दबते आणि तिच्यापुढील दट्ट्या मागें सरकून एका खिटीस अडकतो. चाप ओढतांच खिटी सुटते. स्प्रिंग दट्ट्यास पुढें फेकते. दट्ट्यापुढील हवा क्षणार्धांत दाबली जाते आणि बारीक छिद्रावाटे नळींत शिरून छर्‍यास ढकलते. रॉकेलच्या स्टोव्हचा पंप ज्यांनीं मारला आहे, त्यांना हें समजावयास अवघड नाहीं. त्या पंपाच्या दांड्यास जसा चामड्याचा वाटीसारखा वायसर असतो, तसाच तो जुन्या बंदुकीच्या दट्ट्यास असतो. तो सुकला कीं स्टोव्ह पेटत नाहीं, आणि येथें छरा नळीबाहेर पडतो तो जणूं थकूनच.

या जातीच्या बंदुका इंग्लंडांत बर्मिंगहॅमच्या बी.एस्.ए. कारखान्यानें १९०५ पासून काढिल्या. जर्मनींत १८९० सालीं स्थापन झालेल्या मायर व ग्रामेलस्पाखर यांच्या कारखान्याची ‘डायाना’ ही खूण तितकीच गाजली. याच नमुन्यांबरहुकूम पुढें हिंदुस्थानांतही बंदुका तयार झाल्या. रचना एकच असल्यामुळें दुरुस्तीची रीतही बहुतांशीं एकच आहे.

दुरुस्तीचा आरंभ पेंचकसानें करूं नये, परीक्षेनें करावा. नळी जेथें मोडते त्या सांध्यावर पातळ कागदाची पट्टी ठेवावी, आणि नळी मातीच्या ढिगाकडे रोखून, छरा घालून एक बार काढावा. पट्टी फडफडली, तर हवा सांध्यांतून निसटते; दोष तेथील चकतींत आहे आणि ती चकती बदलणें हें घटकाभराचें काम आहे. पट्टी स्थिर राहिली आणि तरीही छरा मंद गेला, तर मात्र दोष आंत, वायसरांत किंवा स्प्रिंगमध्यें शोधावयास हवा. छर्‍यावांचून रिकामा बार कधींच काढूं नये. छर्‍याच्या अडथळ्यामुळें दट्ट्यापुढें हवेची जी उशी तयार होते, ती नसली तर दट्ट्या लोखंडावर आदळतो, वायसर चेंगरतो आणि स्प्रिंग तुटते.

बंदूक उघडण्याचा प्रसंग हा सर्वांत धोक्याचा. नळी मोडलेली नसतांनाही आंतील स्प्रिंग थोडी दबलेलीच असते. मागील बूच नुसतें फिरवून किंवा खीळ ठोकून काढूं गेल्यास तें बंदुकीच्याच वेगानें माणसाच्या तोंडावर येतें. म्हणून बूच दाबून धरणारा लांब शिकंजा वापरावा, किंवा लेथवाल्याच्या लेथवर तें काम करवून घ्यावें. खीळ निघाल्यावर शिकंजा हळूहळू सैल करावा, डोळ्यांवर चष्मा असावा, आणि बुचाच्या रेषेंत कोणीही उभें राहूं नये. खिटी ओढलेल्या स्थितींत बंदूक उघडणें हा तर निव्वळ अविचार होय.

आंतून निघालेली स्प्रिंग सपाट कांचेवर लोळवून पाहावी. ती डगमगत गेली, तर वांकलेली आहे असें समजावें आणि बदलावी. येथेंच बहुतेक हौशी माणसें चुकतात. जुनी स्प्रिंग गेली म्हणून ते तिच्याहून जाड आणि ताठ स्प्रिंग घालतात, व बंदूक जोरकस झाली असें मानतात. परंतु दट्ट्यापुढें मावणारी हवा तेवढीच राहते. जादा जोराचा मोठा भाग दट्ट्याच्या उसळींत आणि धक्क्यांत खर्ची पडतो. नळी मोडतांना हात दुखतो, खिटी झिजते आणि एके दिवशीं ती आपोआप सुटते. मूळ मापाचीच स्प्रिंग घ्यावी, तिचीं टोकें सपाट घांसून गुळगुळीत करावीं, आणि तिच्या आंतील दांडा सैल असेल तर नेमक्या मापाचा करवून घ्यावा. बार काढतांना जी खणखण ऐकूं येते, ती यानेंच पुष्कळशी थांबते.

वायसर बाजारांत न मिळाला, तरी अडून बसण्याचें कारण नाहीं. बाभळीच्या सालींत कमावलेलें जाड चामडें चर्मकाराकडे मिळतें. त्याची गोल चकती कापून कोमट पाण्यांत भिजवावी, लांकडी सांच्यांत दाबून वाटीसारखी करावी, आणि सावलींत पूर्ण वाळूं द्यावी. मग कडा तासून सिलिंडरांत ती किंचित घट्ट सरकेल अशी बसवावी. शेवटीं तिला जनावरी चरबी किंवा तेल मुरूं द्यावें. वरून ओथंबेल इतकें मात्र नको. हवा दाबली जातांना अतिशय तापते. दट्ट्यापुढें जादा तेल राहिलें, तर तें पेट घेतें, धूर येतो, मोठा आवाज होतो, आणि ऐकणारास बंदूक फार जोरदार झाली असें वाटतें. खरें पाहतां ती स्वतःस जाळीत असते.

लांकडी दस्त्यास जवसाचें तेल पातळ हातानें चोळावें. नळीवरील गंज तेलांत भिजविलेल्या बारीक पोलादी लोकरीनें निघतो. कारखान्याची खूण आणि क्रमांक पुसले जातील इतकें घांसूं नये. नळीचें तोंड भिंगानें पाहावें. तेथें एक बारीक टोचा पडला असला, तरी छरा दर वेळीं तिरका जातो, आणि दोष मात्र बिचार्‍या नेमबाजावर येतो.

जोडलेल्या बंदुकीची परीक्षा जोरावर नव्हे, एकसारखेपणावर करावी. अर्ध्या ग्रॅमचा छरा सेकंदाला २०० मीटर वेगानें गेला, तर त्याची ऊर्जा १० जूल होते; जुनी बंदूक याहून बरीच कमी देते, आणि फुग्यांस तेवढी पुष्कळ झाली. बंदूक टेकणीवर घट्ट दाबूं नये, हलक्या हातांत मोकळी ठेवावी. कारण दट्ट्याच्या धांवेनें ती आधीं मागें व नंतर पुढें सरकते, आणि दर वेळीं सारखीच सरकेल तरच छरे एके ठिकाणीं पडतात. दहा छरे रुपयाएवढ्या वर्तुळांत पडले, म्हणजे काम साधलें. १९८४ सालीं ऑलिंपिकमध्यें आलेली आणि २००८ सालीं बीजिंग येथें अभिनव बिंद्रा यांनीं सुवर्णपदक जिंकलेली १० मीटरची स्पर्धाही याच एका गुणाची कसोटी आहे.

हें सर्व झाल्यावर एक काम उरतें, आणि तें शिकंज्याचें नाहीं. पुढील माशी जाणून वांकडी ठेवून गिर्‍हाइकाचा नेम चुकविण्याची युक्ति जत्रेंत सर्वांस ठाऊक आहे. चार आगाऊ पैसे त्यानें मिळत असतील. पण ज्या मुलाचा फुगा सरळ नेमानें फुटतो, तेंच मूल दुसर्‍या दिवशीं भावंडांस घेऊन येतें. बंदूक सरळ करावी, तशी माशीही सरळ करावी.

आणि फळ्याच्या मागें जाड पडदा असावा, बाजूस दोरी असावी, नळी मोडलेली असतांना ती हातानें धरूनच छरा घालावा. हें खेळणें नव्हे. याच छर्‍यानें डोळा जातो. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणें २० जूलहून अधिक ऊर्जेच्या किंवा ४.५ मिलिमीटरहून मोठ्या नळीच्या हवेच्या बंदुकीस परवाना लागतो. त्याखालील बंदुकीस तो लागत नाहीं, म्हणून तिनें कांहींही मारावें असा अर्थ होत नाहीं. वन्य जीवांचें संरक्षण १९७२ च्या कायद्यानें केलेलें आहे. हळदीच्या किंवा हरभर्‍याच्या शेतांत रानडुकरें शिरतात, वानरें नासधूस करतात, हें दुःख खरें आहे. पण त्यांवर छरा झाडल्यानें पीक वांचत नाहीं, जनावर मात्र जखम घेऊन कोठें तरी कुजत मरतें. अरुणाचल प्रदेशांत २०२१ पासून गांवकर्‍यांनीं आपल्या हवेच्या बंदुका आपण होऊन सरकारच्या स्वाधीन केल्या, त्या याच पक्ष्यांच्या आणि प्राण्यांच्या कळवळ्यानें.

जुनी बंदूक दुरुस्त करणारास तिचा जोर वाढविण्याचा मोह पडतो. तो आवरून जो तिचा नेम सुधारतो, त्याच्या हातांत ती बंदूक शोभते.