टोळाला सीमा ठाऊक नाही

‘टोळधाड’ हा शब्द आपण पुष्कळदा थट्टेने वापरतो. पण मे २०२० मध्ये अमरावती, वर्धा, नागपूर या जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांना त्याचा खरा अर्थ समजला. थाळ्या-डबे बडवीत माणसे शेतात उभी राहिली. आता, हे टोळ आले कोठून?

त्यांचे मूळ फार दूर होते. २०१८ साली दोन चक्रीवादळांनी अरबस्तानच्या दक्षिणेकडील ओसाड वाळवंटात पाऊस पाडला. टोळाची मादी ओल्या वाळूत अंडी घालते. त्या निर्जन मुलखात एकामागून एक पिढ्या वाढल्या आणि कोणाच्या नजरेस आल्या नाहीत. शेजारच्या येमेनमध्ये युद्ध चालू होते. तेथे पाहणी कोण करणार? पुढे इराण, पाकिस्तान, राजस्थान असा प्रवास करीत टोळ विदर्भापर्यंत पोहोचले.

आता शास्त्र काय सांगते ते पाहू. एकेकटा राहणारा टोळ निरुपद्रवी असतो. दाटी झाली की त्याचा रंग बदलतो, स्वभाव बदलतो आणि तो थव्याने फिरू लागतो. ही एकाच किड्याची दोन रूपे आहेत, हा विचार उवारोव्ह या शास्त्रज्ञाने १९२१ मध्ये मांडला. एक चौरस किलोमीटरच्या थव्यात चार कोटींहून अधिक टोळ असू शकतात, आणि असा थवा एका दिवसात सुमारे ३५ हजार माणसांचे अन्न फस्त करतो. म्हणून त्याला पंख फुटण्यापूर्वी, पिले जमिनीवर असतानाच गाठणे हा खरा उपाय.

पण मेख अशी, की पिले असतात शेजाऱ्याच्या जमिनीत! तेव्हा शेजाऱ्याची नोंदवही हीच आपली पहिली औषधाची बाटली.

ही गोष्ट ओळखून १९६४ मध्ये जागतिक अन्न व शेती संघटनेच्या छत्राखाली भारत, पाकिस्तान, इराण आणि अफगाणिस्तान यांचा टोळ-नियंत्रण आयोग स्थापन झाला. दुसऱ्याच वर्षी भारत-पाकिस्तान युद्ध झाले; तरी आयोग टिकला. काम साधेच. पाऊस किती पडला, माती किती ओली, हिरवळ कोठे, टोळ किती, हे मोजायचे आणि शेजाऱ्याला कळवायचे. बलुचिस्तानात इराण व पाकिस्तानची पथके वसंत ऋतूत मिळून पाहणी करीत. टोळांच्या हंगामात जोधपूर आणि कराची यांच्यात बिनतारी संदेश जात. मुनाबाव किंवा खोखरापार या सरहद्दीवरच्या ठिकाणी दोन्हीकडचे अधिकारी भेटत. २०२० च्या संकटात चारही देशांचे तज्ज्ञ दर आठवड्याला दूरस्थ बैठका घेऊ लागले.

संशोधनातले सहकार्य म्हटले की मोठी प्रयोगशाळा डोळ्यांपुढे येते. येथे तसले काही नाही. येथे खरा आकडा वेळेवर देणे हेच संशोधन आणि हेच सहकार्य. आणि ते मोडायलाही फार लागत नाही. देशादेशांत कटुता आली की असल्या बैठका आधी थांबतात; टोळ काही वर्षे आले नाहीत की पाहणीचा खर्च जड वाटू लागतो. भारतात १९९३ नंतर सुमारे पंचवीस वर्षे मोठे आक्रमण झाले नाही. अशाच शांत काळात डोळा लागतो.

शेजाऱ्याशी आपले भांडण असेल. ते भांडणाच्या जागी राहो. पण वाळूतल्या अंड्यांची बातमी अडवली, तर तिची किंमत ज्याचा त्या भांडणाशी संबंधच नाही असा शेतकरी मोजतो. कधी तो सिंधमधला असेल, कधी काटोलचा.