कॅपो, करवत आणि अठरा मिलिमीटर

इअरफोन लावलेत ना? घरात गिटार आणि कॅपो असेल तर जवळ घेऊन बसा, आज लागणार आहे.

माझी भाची नऊ वर्षांची. दोन महिने गिटारच्या क्लासला गेली आणि एक दिवस म्हणाली, "मामा, माझी बोटं पोचतच नाहीत. मी नाही जाणार आता." तिच्याकडे होती मोठ्यांची, नायलॉन तारांची क्लासिकल गिटार. नटपासून सॅडलपर्यंत ६५० मिमी. यालाच स्केल लेन्थ म्हणतात. मी म्हटलं, थांब, तुला आखूड गिटार बनवून देतो.

बोलून तर बसलो. पण माझी सगळी हत्यारं ६५० ची! फ्रेटच्या खाचा पाडायचा साचा ६५० चा, ब्रिज बसवायचा जिगसुद्धा.

आता पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा. तार आखूड झाली, तरी पुढचे सगळे फ्रेट सुरात आहेत ना? कारण फ्रेटमधली अंतरं एकाच प्रमाणात कमी होत जातात. प्रमाण १.०५९४६. ६५० ला त्याने भागा, ६१३.५ येतात. म्हणजे साच्यावरच्या पहिल्या फ्रेटच्या खाचेला नट समजायचं आणि तिथून पुढे करवत चालवायची. नवीन साचा नकोच. दोन खाचा सोडल्या तर ५७९ मिमी, जवळपास थ्री-फोर्थ गिटार.

ठिपके मात्र नव्याने मोजा, नाहीतर पाचव्या फ्रेटचा ठिपका चौथ्यावर येतो. आणि नटपाशी ५२ मिमी रुंद असलेला बोर्ड पहिल्या फ्रेटशी ५३ च्या आसपास भरतो. लहान हातासाठी उलटाच प्रकार! मी रंधा मारून ४८ वर आणला.

इथवर मी खूश. मग ब्रिज चिकटवला. माझा जिग बाराव्या फ्रेटपासून मोजतो, ३२५ मिमी. सवयीने तसाच लावला. तारा चढवल्या, बारावा फ्रेट दाबला, तर सूर चांगलाच उतरलेला. अहो, अर्धी लांबी आता ३०६.७५ होती! अठरा मिमीची चूक. नायलॉनला सॅडल दीड-दोन मिमी मागे घेतातच, पण अठरा?

गरम पातं घालून ब्रिज सोडवला. हात थरथरत होता, कारण टॉपचं लाकूड जेमतेम अडीच मिमी. सुटला एकदाचा, पण मागे फिकट पट्टा राहिला. पुढच्या वेळी मी ब्रिज जुन्याच जागी ठेवणार आणि बॉडी अकराव्या फ्रेटला जोडणार. वरचा एक फ्रेट अवघड होईल, पण नऊ वर्षांच्या मुलीला तिथे जायचंय कशाला?

एक राहिलंच. त्याच सुरात लावली तर आखूड तारेचा ताण सुमारे ११ टक्के कमी होतो, तार फ्रेटवर खरखरते. म्हणून हार्ड टेन्शनचा सेट घ्या.

भाचीने तो पट्टा पाहून विचारलं, "मामा, हे काय?" म्हटलं, तुझा मामा मोजायला विसरला. तिने त्यावर मांजराचं स्टिकर लावलंय. एफ कॉर्ड अजून नीट वाजत नाही, पण बोट पोचतं. क्लास चालू आहे.