जुनी कार्डे आणि जुनी घरे



इतिहासाच्या तासाला मुले रायगडाचे वर्णन बिनचूक करतात. परंतु ज्या घराच्या ओसरीवर बसून ती धडा पाठ करतात, ते घर केव्हा उभे राहिले असे विचारताच गप्प होतात. वास्तविक त्याचे दप्तर अनेक घरांत असते. तारेला ओवलेल्या जुन्या पोस्टकार्डांचा गठ्ठा हेच ते दप्तर होय.

भारतात पोस्टकार्ड १८७९ च्या जुलैत सुरू झाले. किंमत पाव आणा. व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा असलेले कार्ड त्या आरंभीच्या काळातील, तर सहा आकडी पिनकोड लिहिलेले १९७२ नंतरचे. नेमका दिवस टपालाच्या शिक्क्यात सापडतो. जुन्या कार्डांवर पुष्कळदा दोन शिक्के असतात, एक निघाल्या गावचा व एक पोचल्या गावचा. मधले दिवस मुलांकडून मोजवून घ्यावेत. श्रावणातील पत्र चैत्रातील पत्राहून उशिरा पोचलेले दिसले, तर नदीवर तेव्हा पूल होता काय, हा प्रश्न मुलेच वडीलधाऱ्यांना विचारतील. मजकुरात शक दिला असल्यास त्यात ७८ मिळवावेत. इंग्रजी नवे साल लागल्यापासून फाल्गुनअखेर ७९.

येथे एक सावधगिरी हवी. निधनवार्तेच्या कार्डाचा कोपरा फाडीत, आणि असे पत्र वाचून होताच नष्ट करीत. घरात ठेवीत नसत. त्यामुळे गठ्ठ्यात लग्नमुंजी भरपूर, मृत्यू जवळजवळ नाहीत. त्यावरून प्लेगच्या साली गावात कोणी दगावले नाही असे एखाद्या मुलाने म्हटले, तर त्याला रागावू नये. जे पत्र उरले नाही त्याचाही विचार करावा लागतो, हे समजावण्याची तीच वेळ.

घराच्या बाबतीतही फसगत होते. कौलावर १८६५ हा आकडा उठवलेला पाहून घर तितके जुने मानू नये. मंगळूरच्या बाझल मिशनच्या कौल कारखान्याच्या स्थापनेचा तो सन आहे. शिवाय कौले वरचेवर बदलतात. जोते आणि तुळया अधिक विश्वासाच्या, तरीही तुळईवर निकामी खाच दिसली तर ती बहुधा दुसऱ्या मोडलेल्या घरातून आलेली असते. अशा वेळी कार्ड मदतीला येते. माडीच्या कामासाठी मुंबईच्या भावाकडे पैसे मागणारे एखादे कार्ड परत गावी आलेले सापडले, तर त्यावरील शिक्का माडीचा काळ सांगतो.

कार्डे शाळेत जमा करून घेऊ नयेत. नक्कल करून त्याच दिवशी घरी पोचती करावीत. कर्ज, भाऊबंदकी, सासुरवास यांविषयीचा मजकूर वर्गात वाचू नये. दिवाळीच्या साफसफाईत असे गठ्ठे बंबात जातात, म्हणून हा पाठ सहामाही परीक्षेपूर्वीच घ्यावा.