परदेशच्या मुक्कामाची पूर्वतयारी

१८८८ सालच्या सप्टेंबरांत मोहनदास गांधी शिक्षणासाठीं मुंबईहून विलायतेस निघाले. बोटीवर त्यांनीं काळा पोषाख वापरला. पांढरा फ्लॅनेलचा मात्र उतरतांना घालावयाचा म्हणून जपून ठेवला. महिनाअखेरीस ते विलायतेच्या किनाऱ्यावर उतरले, तों शुभ्र वेषांत ते एकटेच! कपडे बदलावे, तर सामान आणि किल्ल्या दोन्ही एका पेढीच्या माणसाच्या स्वाधीन केलेल्या; आणि दुसरा दिवस रविवारचा. आपली ही फजिती त्यांनीं पुढें आत्मकथेंत सांगितली आहे.

विमानाच्या काळांतही तिचा बोध जुना झालेला नाहीं. वृद्ध मातापितरें मुलांकडे चार-सहा महिने राहावयास निघतात, तेव्हां घरांत चर्चा होते ती लोणचीं-पापडांची. नित्याच्या गोळ्या मात्र मोठ्या पेटीच्या तळाशीं जातात. पेटी चुकली, तर लोणच्यावांचून अडत नाहीं, औषधावांचून अडतें. इन्शुलिन तर विमानाच्या मालकक्षांत गोठून निकामी होण्याचा संभव असतो. यासाठीं औषधें, वैद्याची चिठ्ठी, चष्मा, पासपोर्ट आणि कपड्यांचा एक जोड हातच्या पिशवींतच असावा.

बाकीचें सामानही देश पाहून भरावें. अमेरिकेंत घरगुती वीज १२० व्होल्टची. येथील २३० व्होल्टचा मिक्सर तेथें नीट चालत नाहीं. ऑस्ट्रेलियांत खाद्यपदार्थांची नोंद उतरतांच द्यावी लागते. लपविल्यास दंड होतो.

पेटींत काय भरावें, यापेक्षां पेटी आलीच नाहीं तर काय करावें, याचा विचार आधीं करणारा प्रवासीच निश्चिंतपणें घराचा उंबरठा ओलांडतो.