नारळ कोणाच्या हाती?



कोल्हापुरात फुटबॉल समजावून सांगायला कोणी येऊ नये. पेठांतल्या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरले की प्रेक्षकांतला प्रत्येक दुसरा माणूस प्रशिक्षक असतो. म्हणून थेट प्रश्नालाच हात घालतो. व्यावसायिक संघ एकामागून एक सामने हरतोय, तक्त्यात घसरतोय. मुख्य प्रशिक्षकाला नारळ द्यावा का?

नारळ नेहमी त्यालाच का मिळतो, हे आधी बघू. पंचवीस खेळाडूंचे करार एका रात्रीत मोडता येत नाहीत. खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची दारं वर्षातून दोनदाच उघडतात. संचालक स्वतःला कधी काढत नाहीत. मग उरतो एकटा प्रशिक्षक. पुष्कळदा तो जातो तो दोषी असतो म्हणून नव्हे, काढायला सोपा असतो म्हणून.

बरं, काढल्यावर संघ सुधारतो का? सुधारतो, पण त्यात एक मेख आहे. नेदरलँडचे अर्थशास्त्रज्ञ बास तेर वील यांनी १९८६ ते २००४ या काळातला डच फुटबॉल तपासला. प्रशिक्षक बदललेले संघ सावरले होते. पण तशाच गर्तेत सापडूनही ज्यांनी प्रशिक्षक बदलला नाही, ते संघही जवळजवळ तितकेच सावरले होते. हे असं होण्याचं कारण खेळातच आहे. फुटबॉलमध्ये गोल थोडे होतात. एक फटका खांबाला लागतो, एक पेनल्टी हुकते आणि सबंध सामना फिरतो. सलग सहा पराभवांत खेळाचा दोष असतो तसा दैवाचाही वाटा असतो, आणि दैव काही सतत एकाच बाजूला राहत नाही. ताप उतरायलाच आलेला असतो. त्या दिवशी ज्याची पुडी घेतली, त्या वैद्याचं नाव होतं.

प्रशिक्षक बदलू नये, या मुद्द्यावर सगळे इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेडचा दाखला देतात. ॲलेक्स फर्ग्युसन तिथे नोव्हेंबर १९८६ मध्ये प्रशिक्षक म्हणून आले. तीन वर्षांनंतरही हाती काही नव्हतं. सप्टेंबर १९८९ मध्ये शेजारच्या मँचेस्टर सिटीने ५-१ असं धुतलं. तीन वर्षं नुसत्या सबबी झाल्या, आता रामराम घ्या, अशा अर्थाचा फलक प्रेक्षकांत झळकला. ७ जानेवारी १९९० ला एफए कपमध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध युनायटेडच्या मार्क रॉबिन्सने एकमेव गोल केला, आणि त्या गोलाने फर्ग्युसनची नोकरी वाचली अशी कथा रूढ झाली. अध्यक्ष मार्टिन एडवर्ड्स मात्र पुढे सांगत राहिले की, तो सामना हरलो असतो तरी त्यांना काढलं नसतं. त्या मोसमात युनायटेड लीगमध्ये तेरावा आला, पण कप जिंकला. १९९३ मध्ये सव्वीस वर्षांनी लीगचं विजेतेपद आलं. २०१३ मध्ये फर्ग्युसन निवृत्त झाले तेव्हा अशी तेरा विजेतेपदं त्यांच्या नावावर होती.

यातून ‘धीर धरा’ एवढाच धडा घेतला, तर तो चुकीचा आहे. धीर धरलेले सगळेच फर्ग्युसन निघत नाहीत. बुडालेल्या संघांच्या कथा कोणी सांगत नाही, म्हणून आपल्याला तो एकच आठवतो. संचालकांपुढे तक्त्याखेरीज दुसरं काय होतं, ते महत्त्वाचं. फर्ग्युसननी होतकरू मुलं हेरण्याची व्यवस्था नव्याने उभी केली होती. संघातल्या पिण्याच्या सवयीला आवर घालताना नॉर्मन व्हाइटसाइड आणि पॉल मॅकग्रा यांच्यासारखे लाडके खेळाडूही जाऊ दिले होते. एकेकाळचे खेळाडू बॉबी चार्लटन संचालक होते. मैदान जाणणारा माणूस टेबलाशी बसलेला होता. निकाल वाईट होते, पण काम दिसत होतं.

आता उलट बाजू. २०१६ मध्ये प्रशिक्षक क्लॉडिओ रानिएरींच्या लेस्टर सिटीने ८१ गुणांसह प्रीमियर लीग जिंकली. हंगामाआधी सट्टेबाजांकडे त्यांच्यावर ५००० ला १ असा भाव होता. नऊ महिन्यांनी, २३ फेब्रुवारी २०१७ ला, त्याच रानिएरींना काढलं. साऱ्या जगाने कृतघ्नपणा म्हणून बोटं मोडली. पण वस्तुस्थिती बघा. संघ सतराव्या जागी होता. त्या वर्षात तोवर लीगमध्ये एकही गोल झाला नव्हता. खालच्या श्रेणीत घसरलं तर कोट्यवधी पौंडांचं उत्पन्न बुडणार होतं. सहायक क्रेग शेक्सपिअर यांच्याकडे सूत्रं गेली. लिव्हरपूलला ३-१ हरवून लेस्टरने लीगचे सलग पाच सामने जिंकले आणि बारावा क्रमांक गाठला. माझ्या मते तो निर्णय निष्ठुर होता, पण चूक नव्हता. मोसम संपायला थोडेच सामने उरले होते, आणि खेळाडूंना ओळखणारा माणूस घरातच होता.

मात्र त्याच शेक्सपिअरना ऑक्टोबर २०१७ मध्ये काढलं! कारण मूळ दुखणं निराळं होतं. २०१६ च्या उन्हाळ्यात एनगोलो कान्टे चेल्सीला विकला गेला आणि खेळाडू हेरणारे स्टीव्ह वॉल्श एव्हर्टनला गेले. दोन्ही भगदाडं प्रशिक्षकाने पाडलेली नव्हती. पुढे २०२१-२२ च्या मोसमात वॉटफोर्डने चिस्को मुन्योस यांना काढलं, रानिएरींना आणलं, त्यांनाही काढून रॉय हॉजसन यांना आणलं. एका मोसमात तीन प्रशिक्षक झाले, आणि संघ खाली गेला तो गेलाच.

तेव्हा माझं मत सांगतो. मोसमाच्या मध्यावर प्रशिक्षक बदलू नये, हा नियम ठेवावा आणि अपवादाला तीन अटी घालाव्यात. खेळाडू त्याचं ऐकेनासे झाले आहेत का? पुढचा माणूस ठरला आहे का, आणि तो वेगळं काय करणार हे त्याने सांगितलं आहे का? आणि संघ उभारण्यातल्या आपल्या चुका संचालकांनी वेगळ्या काढून मोजल्या आहेत का? पहिल्या दोन अटींचं उत्तर ‘हो’ असेल, तर आठवडाही दवडू नये. तिसऱ्याचं ‘नाही’ असेल, तर नवा प्रशिक्षकही वर्षभरात त्याच दारातून बाहेर पडेल.

आणि एक साधी कसोटी. निर्णय घेण्याआधी संचालकांनी कारण कागदावर लिहावं, पण त्यात ‘निकाल’ हा शब्द येता कामा नये. तो शब्द वगळून दोन वाक्यं लिहिता आली नाहीत, तर त्या माणसाला काम करू द्यावं.