खाजकुहिलीचं बी आणि कंपवात



बांधावर खाजकुहिली दिसली की आपण विळा काढतो. तिच्या बियांत लेव्होडोपा असतं. मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते १९३७ साली वेगळं काढलं. कंपवातात मेंदूतलं डोपामिन आटतं, हात थरथरतो, पाऊल अडतं. लेव्होडोपा मेंदूत पोचलं की त्याचं डोपामिन होतं. २००४ साली लंडनच्या चाचणीत ३० ग्रॅम बीचूर्णाचा गुण गोळीपेक्षा लवकर आला. पण रोगी होते आठच!

तेव्हा घरच्या म्हाताऱ्याची गोळी बंद करून चूर्ण चारू नका. एका वेलाच्या बियांत लेव्होडोपा तीन टक्के, दुसऱ्याच्या सहा. मात्रा चुकली की ओकाऱ्या, चक्कर, भ्रम. गोळीवर वरून चूर्ण दिलं तर तेच औषध दोनदा गेलं. डॉक्टरला सांगितल्याशिवाय काही नको. रोग मुळातून जात नाही, त्रास तेवढा हटतो.

आणि बियांचं कंत्राट घेऊन कोणी आला, तर भाव किलोवर की टक्क्यावर, हे आधी विचारा. तपासणीचा कागद मागा. कापसाच्या ग्रेडमध्ये आपण नाडलो गेलोच आहोत. शेंगा तोडायला मात्र बायांना उघड्या हातानं पाठवू नका, कूस उडते.