कोरी सोडलेली जागा



'माझा छंद' या विषयावर बोलायचंय म्हटल्यावर बायको म्हणाली, "छंद कसला, पळून जायची सोय आहे ती!" खरं आहे. आठवडाभर सर्व्हर आणि क्लाएंट सांभाळणारा हा माणूस महिन्यातल्या एका रविवारी रंगपेटी घेऊन एकटाच पुलाऊ उबिनला जातो.

चांगी पॉइंटच्या धक्क्यावर बारा माणसं जमली की होडी सुटते आणि दहा-पंधरा मिनिटांत बेटावर. पूर्वेच्या टोकाला चेक जावा. ओहोटी लागली की वाळू, चिखल आणि समुद्री गवत उघडं पडतं, बाजूला खारफुटी. कोकणातली खाडी आठवली नाही तरच नवल!

एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेल्यांना ठाऊक असेल, जलरंगात पांढऱ्यासाठी कागद कोरा सोडतात. एकदा रंग चढला की तो पांढरा पुन्हा मिळत नाही. त्यात इथली दमट हवा! आकाश वाळता वाळत नाही. तोवर हात आवरून नुसतं बघत बसायचं. पाणी मात्र आपल्यासाठी थांबत नाही, म्हणून पाण्याची कड आधी पकडायची.

चेक जावा हीसुद्धा अशीच कोरी सोडलेली जागा आहे. २००१ मध्ये इथे भराव पडणार होता. बातमी पसरली तशी माणसं ओहोटीच्या वेळी बघायला लोटली. निसर्गप्रेमींनी तिथल्या जीवांच्या नोंदी करून सरकारपुढे ठेवल्या. त्याच वर्षाअखेरीस भराव लांबणीवर पडला. लक्षात घ्या, रद्द नाही, लांबणीवर. विकासासाठी जागा लागेपर्यंत. १९६० च्या दशकात सुमारे ५८० चौरस किलोमीटर असलेला हा देश भराव घालत आज ७३० च्या पुढे गेलाय. अशा ठिकाणी हात आवरणं सोपं नाही.

इथले नामवंत जलरंगकार लिम चेंग हो (१९१२-१९७९) यांनी पोटासाठी कारकुनी केली आणि सुट्टीत सिंगापूर नदी रंगवली. माल वाहणाऱ्या होड्यांची ती गजबज १९८३ मध्ये नदीतून हलली. आता ती त्यांच्या कागदावरच उरली आहे.

म्हणून सांगतो, ओहोटीची वेळ बघून मुलांना चेक जावाला न्या. तिथल्या पुलावर एकेकाला लांब लांब बसवा, हातात ब्रश द्या आणि तासभर कुणी कुणाशी बोलू नका. चित्र कसंही येवो, काय राखायचंय ते त्यांना दिसेल.